दिंडी तेवढी उघडी ठेवा : किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेजाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
प्लॉटधारकांची गृहनिर्माण संस्था (नाव मुद्दाम लिहिलेले नाही),
अजिंक्यताऱ्याचा पायथा, सातारा.

विषय : ओढ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेवरील फाटक, त्याच्या दिंडीला (फाटकातल्या लहान दाराला) लावलेले कुलूप आणि ‘कुत्री व बाहेरील व्यक्ती यांना सक्त मनाई’ हा फलक.

सप्रेम नमस्कार.

गेल्या आषाढात आपण वसाहतीच्या मागच्या बाजूला लोखंडी फाटक बसवले, तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही, कारण फाटकाला दिंडी होती आणि ती दिवसभर उघडी असे. दसऱ्यानंतर दिंडीलाही कुलूप लागले आणि दिवाळीच्या आत शेजारी फलक उभा राहिला. त्यानंतर मी आपल्याकडे दोन अर्ज दिले. एकाची पोच मिळाली, उत्तर एकाचेही मिळाले नाही. तिसरा अर्ज लिहायला बसले तेव्हा वाटले, की हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही आणि आपल्या एका वसाहतीचाही नाही. शहराच्या कडेला जिथे जिथे नवे प्लॉट पडत आहेत, तिथे जुन्या वाटा अशाच एकेक करून फाटकाआड चालल्या आहेत. म्हणून हा तिसरा अर्ज उघडपणे लिहीत आहे. संस्थेचे नाव गाळले आहे, कारण कोणाची बदनामी करायची नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखते आणि उद्या भाजीच्या गाड्यापाशी आपल्याला एकमेकांसमोर उभे राहायचे आहे.

माझा या वाटेशी संबंध कसा आला, ते आधी सांगते. माझा जन्म चिमणपुऱ्यातला आणि नोकरी पोवई नाक्याजवळची. साठ वर्षे साताऱ्यात राहून मला सातारा म्हणजे राजवाड्यापासून नाक्यापर्यंतचा वरचा रस्ता आणि खालचा रस्ता एवढाच ठाऊक होता; शाळेत असताना चार भिंतीची सहल, वर्षातून एकदा मंगळाईचे दर्शन आणि पाहुणे आले की कास, हा बाकीचा भूगोल. निवृत्तीनंतर या भागात फ्लॅट घेतला, त्याच वर्षी रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज ४० मिनिटे चालायला सांगितले. मी आठ दिवस चालले आणि कंटाळून सोडून दिले. मग तांबू आली. भाच्याने एका पावसाळी रात्री रिक्षास्टँडच्या पत्र्याखालून तिला उचलून आणले आणि ‘मावशी, दोन दिवस ठेव’ म्हणाला, त्याला आता सहा वर्षे होतील. गावठी कुत्री, तांबूस रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला.

डांबरी रस्त्यावर तांबूचे मन कधीच रमले नाही. प्रत्येक कोपऱ्यावर ती थांबे, नाक वर करी आणि ज्या बोळात मी आयुष्यात पाऊल टाकले नव्हते, नेमकी तिकडे दोरी ओढी. तिच्यामागून मी अदालत वाड्याकडचे चढ पाहिले, माची पेठेतले बोळ पाहिले, पेढ्याच्या भैरोबाची वाट चढले. माझी साखर कशी उतरली ते डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मी औषधाचे नाव सांगितले, कुत्रीचे सांगितले नाही, ही चूकच झाली. अशा भटकंतीत एक दिवस घराच्याच मागची, आपल्या वसाहतीच्या कडेने ओढ्याकडे उतरणारी वाट सापडली. घरापासून ३०० पावलांवरची ही वाट वर्षभर मला दिसली नव्हती, कारण घाणेरीच्या जाळीआडून काही सुरू होत असेल अशी शंकाही आली नव्हती.

आपल्यापैकी अनेकांनी ती अद्याप पाहिली नसावी, म्हणून लिहिते. सुरुवातीला ती दोन कंपाउंडांच्या मधून जाते. तिथे दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकून उभे राहावे लागते. मग उतार लागतो. ओढ्यावर तीन लांब फरश्या टाकलेल्या आहेत, मधली थोडी डुगडुगते. पलीकडे उंबर आणि त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगड आहे आणि तिथून वाट माळावर निघते. माळावर उभे राहिले की मागे किल्ल्याचा उतार, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर आणि हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला जरंडेश्वर दिसतो. श्रावणात इथे गोचिडी असतात आणि दिवाळीनंतर कुसळे. फिरून आल्यावर पायरीवर बसून तांबूच्या बोटांमधली आणि माझ्या साडीच्या काठातली कुसळे वेचण्यात अर्धा तास जातो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

एकदा ओढ्याच्या दरडीपाशी तांबू मातीत पंजे मारत बसली ती ओढूनही हलेना. वाकून पाहिले तर दरडीतून भाजक्या मातीच्या नळाचे तोंड बाहेर आलेले होते. मनगटाहून थोडे जाड, एका टोकाला फुगीर, म्हणजे पुढचा नळ त्यात बसावा म्हणून घडवलेले. खापरी! महादरेच्या तलावाचे पाणी अशाच खापरी नळांतून पेठांतल्या हौदांना येत असे, हे आजोबांच्या तोंडून मी शंभरदा ऐकले होते आणि चिमणपुऱ्यात राहून एकदाही खापरी पाहिली नव्हती. हा तुकडा कोणत्या हौदाकडे जात होता ते जाणकारांनी पाहावे. मी तो जागचा हलवला नाही, वर माती लोटली आणि तांबूला बिस्किट दाखवून पुढे नेले. आता तो आपल्या कुलपाच्या पलीकडे आहे आणि जाणकारांनाही ‘बाहेरील व्यक्ती’ म्हणून तिथे जाता येणार नाही.

आता तक्रारींकडे येते.

पहिली आणि मुख्य तक्रार ही, की आपण अडवलेली वाट आपली नाही. हा भाग २०२० च्या हद्दवाढीत शहरात आला. त्यापूर्वी तो ग्रामपंचायतीत होता आणि त्याचा गावनकाशा आहे. दुसऱ्या अर्जाला उत्तर आले नाही, तेव्हा मी त्या नकाशाची नक्कल काढून आणली. गावनकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायमार्ग एका तुटक रेषेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि भिंगाने पाहत गेले, तर एकेरी तुटक रेषा जुन्या वस्तीकडून निघून, आपले ले-आऊट आज जिथे आहे त्या गटांच्या बांधाने ओढा ओलांडून माळावर गेलेली स्वच्छ दिसते. आपले फाटक त्या रेषेवर आडवे उभे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० प्रमाणे कोणा व्यक्तीच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा शासनाच्या मालकीच्या असतात. आणि ही जमीन खासगीच आहे असे क्षणभर मानले, तरी भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम १५ मध्ये वहिवाटीचा हक्क आहे. २० वर्षे उघडपणे, शांतपणे आणि अखंड हक्काने वापरलेली वाट सहजासहजी बंद करता येत नाही. जुन्या वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारा, ती आपल्या आजीबरोबर याच वाटेने गवताला गेलेली आहेत. मी वकील नाही. पण कुलूप लावण्यापूर्वी आपणही वकिलाला विचारले होते का, एवढे मला कळावे.

दुसरी तक्रार फलकाच्या भाषेची आहे. ‘कुत्री व बाहेरील व्यक्ती’ या एका ओळीत आपण मला आणि तांबूला एकत्र बसवलेत, त्याचा राग मला आला नाही. सहा वर्षांच्या सोबतीनंतर तो एका अर्थी सन्मानच आहे. खटकते ते हे, की बाहेरचे कोण, हे ठरवताना या वाटेवर आपल्याआधी चालणाऱ्यांना कोणी विचारले नाही. आणि साताऱ्यात कुत्र्याला ‘सक्त मनाई’ लिहिताना निदान जरा लाजायला हवे होते. संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरात त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही समाधी आहे, कारण शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले अशी कथा सांगतात. ज्याने हे शहर वसवले त्याने आपल्या कुत्र्याला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर जागा दिली; आपण तांबूला सव्वाआठ फुटांची वाट देत नाही.

तिसरी तक्रार सांगताना मला संकोच होतो, पण ती सांगितल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. वाट बंद झाल्यावर मी तांबूला मुख्य रस्त्याने नेऊ लागले. त्या चढाच्या वळणावर पदपथ नाही. एका बाजूला गटाराचा कठडा आणि दुसऱ्या बाजूला वाहने. मार्गशीर्षातल्या एका सकाळी खडीचा डंपर वळणावर आला, कर्कश हॉर्न वाजला, तांबू भेदरून माझ्या पायांत आली, दोरी घोट्याभोवती गुंडाळली गेली आणि मी कठड्यावर पडले. डावे मनगट मोडले, पाच आठवडे प्लास्टर होते. डंपरवाला थांबला, त्याने पाणी दिले, घरी फोन लावला. त्याला मी दोष देत नाही. कुलूप लावणाऱ्यांनी माझे मनगट मोडले, असेही म्हणत नाही. मात्र ४० मिनिटे चालायला मला जी निर्धोक वाट होती ती आपण काढून घेतलीत आणि जी उरली ती अशी आहे, एवढे खरे आहे.

आणि हे फक्त कुत्रे फिरवणाऱ्यांचे दुखणे नव्हे. पलीकडच्या वस्तीतून आपल्याच घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका याच वाटेने दहा मिनिटांत यायच्या, त्या आता वळसा घालून अर्ध्या तासाने येतात. त्यांनी अर्ज केलेला नाही. काम जाईल म्हणून करणारही नाहीत.

आपल्या बाजूने दिली जाणारी कारणे माझ्या कानावर आहेत, कारण कार्यालयातून उत्तर मिळाले नाही तरी दुकानात मिळते. त्यांतले पहिले घाणीचे आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. आम्हा कुत्रे पाळणाऱ्यांतले कित्येकजण जनावर दुसऱ्याच्या दारात नेऊन बसवतात आणि आकाशाकडे पाहत उभे राहतात. मी पाहिले आहे, आणि तेव्हा काही बोलले नाही, ही माझी चूक. मी स्वतः जुनी वर्तमानपत्रे आणि एक प्लॅस्टिकचे सुपले घेऊन निघते. आपल्या एका सभासदाच्या नातवामागे कोणाचे तरी थोराड कुत्रे दोरीविना धावले आणि ते पोर तीनचाकी सायकलवरून पडले, तेही मला ठाऊक आहे. त्या पोराची आई आजही कुत्रे दिसले की त्याला उचलून घेते आणि तिचे काही चुकत नाही. परंतु जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते कुत्रे कोणाचे, हे वसाहतीत सर्वांना माहीत आहे. त्या मालकाला कोणी एक शब्द बोलले नाही आणि शिक्षा मात्र वाटेला झाली.

दुसरे कारण बिबट्याचे. ते मी हसण्यावारी नेत नाही. आपण डोंगराच्या पायथ्याशी राहतो, बिबट्या येणारच, आणि कुत्रे हे त्याचे सोपे भक्ष्य आहे. म्हणूनच अंधार पडल्यावर किंवा उजाडण्यापूर्वी मी तांबूला तिकडे नेत नाही आणि कोणीही नेऊ नये. पण पाच फुटी फाटकाने बिबट्या अडेल, हे आपल्यालाही पटत नसणार. त्याला इकडे आणणारी गोष्ट फाटकाच्या आतल्या बाजूला आहे. वसाहतीतले खरकटे ओढ्याच्या काठावर टाकले जाते, त्यावर मोकाट कुत्री आणि डुकरे जमतात, आणि त्यांच्यामागून तो येतो. कुलूप लागल्यापासून तो ढीग वाढला आहे, कारण आता तिकडे पाहणारे कोणी उरले नाही. दारू पिणाऱ्या पोरांबद्दलही हेच म्हणता येईल. पहाटे-सायंकाळी माणसांची ये-जा होती तोवर ती उंबराखाली बसत नव्हती. आता भिंतीवरून उड्या मारून जातात आणि निवांत बसतात.

प्रत्येक वाट कुत्र्याला खुली असावी, असे माझे म्हणणे नाही, हेही नोंदवते. महादरेला फुलपाखरांसाठी राखलेल्या जंगलात मी तांबूला नेत नाही. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या कासच्या पठारावर, फुलांच्या दिवसांत तर मुळीच नाही. तिथल्या बंधनांना कारण आहे आणि ते मला समजते. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे रहिवाशांच्या संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्रे ठेवण्यावर बंदी घालता येत नाही. ती सूचना घरात कुत्रे ठेवण्याबद्दल आहे, वाटेबद्दल नाही, म्हणून तिचा आधार मी ताणत नाही. परंतु कुत्रे ठेवू द्यायचे आणि त्याला चालायला जागा द्यायची नाही, याला काय म्हणावे? माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या वर. त्याला रोज त्याच दोन खांबांमध्ये फिरवणे म्हणजे वाचणाऱ्या माणसाला आयुष्यभर एकच जुने कॅलेंडर देणे आहे. तांबूने गेल्या दोन महिन्यांत माझ्या दोन चपला आणि सोफ्याचा एक कोपरा खाल्ला. सहा वर्षांत तिने असे कधी केले नव्हते.

माझ्या मागण्या चारच आहेत आणि त्यांत एकीलाही फार खर्च नाही.

मोठे फाटक खुशाल बंद ठेवा, वाहनांना तिथे काम नाही. परंतु दिंडी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी ठेवा, सर्वांसाठी. फलक काढा आणि त्याच खांबावर दुसरा लावा : कुत्रे दोरीला बांधलेले असावे, त्याची घाण मालकाने उचलावी, रेबीजची लस दरवर्षी दिलेली असावी, अंधारात कुत्रे आणू नये. हा फलक रंगवून आणण्याचा खर्च मी देते आणि तांबूच्या लसीकरणाच्या कार्डाची प्रत सर्वांत आधी आपल्या कार्यालयात जमा करते. तिसरी मागणी मोजणीची. गावनकाशावरून वाटेची हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीदाराकडून संयुक्तपणे कायम करून घेऊ. निम्मी फी माझी. मोजणीत रेषा आपल्या फाटकावरून जात नाही असे निघाले, तर मी हे पत्र जिथे जिथे वाचले गेले असेल तिथे चूक कबूल करीन. चौथी मागणी उत्तराची. कुलूप लावण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला असेल तर त्याची नक्कल मिळावी, झाला नसेल तर कुलूप कोणाच्या सांगण्यावरून लागले ते लेखी कळावे. पंधरा दिवस पुरेसे आहेत.

बदल्यात आम्ही काय करू, तेही लिहून देते. आसपासच्या गल्ल्यांत कुत्री पाळणाऱ्या अकरा जणांनी एका कागदावर सह्या केल्या आहेत. दर रविवारी सकाळी आम्ही दोघे-तिघे वाट झाडू, घाणेरी छाटू, पावसाळ्यापूर्वी ओढ्यावरची डुगडुगणारी फरशी बसवून घेऊ. जो दोरीविना कुत्रे आणील त्याला आपल्याआधी आम्हीच अडवू. यात मोठेपणा काही नाही; हे सहा वर्षांपूर्वीच करायला हवे होते, म्हणजे फलकाची वेळ आली नसती.

पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर मी नकाशाची नक्कल जोडून तहसीलदारांकडे अर्ज करणार आहे. मला कचेऱ्यांची हौस नाही. चौतीस वर्षे एका कचेरीतच काढली आहेत आणि अर्ज किती दिवस पडून राहतात ते टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेले आहे. त्यापूर्वी येत्या रविवारी सकाळी ८ वाजता मी नकाशा घेऊन फाटकाशी येईन. आपल्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी यावे. पहारेकऱ्याकडून किल्ली तेवढी मागवून ठेवावी. कुलूप काढून एकदा माळापर्यंत जाऊन येऊ, जाता-येता वीस मिनिटे लागतील. तांबूला त्या दिवशी घरी ठेवीन, म्हणजे फलकाचा मान राहील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
शेजारच्या गल्लीतली एक रहिवासी,
सातारा

ता. क. : रविवारचे जे ठरेल ते ठरो, पण फाटकाच्या डाव्या खांबाशी कुंपणाची खालची तार तुटली आहे आणि तिचे टोक वाटेच्या बाजूला आले आहे. ते आजच पक्कडीने आत वळवून घ्यावे. त्या उंचीवर कुत्र्याचे डोळे येतात आणि फाटकाखालून चेंडू काढायला वाकणाऱ्या आपल्या मुलांचे गालही.